मॉन्टेरेच्या केल्पच्या जंगलात: थंड पाण्यातल्या पहिल्या डाइव्हची सविस्तर तयारी

केल्प म्हणजे समुद्राच्या तळापासून वरपर्यंत उंच वाढणारं शैवाल. त्यात स्कूबा डाइव्हसाठी पहिल्यांदा उतरणाऱ्याला भीती असते ती खाली कुठेतरी गुरफटून बसण्याची. पण तळाशी केल्प फारसं आडवं येत नाही. तिथे देठांचे जुडगे एकमेकांपासून सुटे उभे असतात आणि त्यांच्यामधून निवांत पोहता येतं. त्रास होतो तो वरच्या दीड-दोन मीटरांत. पृष्ठभागाला पोचलेले देठ तिथे आडवे पसरतात आणि त्यांच्या पात्यांचं जाड छत तयार होतं. हवा संपत आलेली, अंगावर बुडण्यासाठी बांधलेलं दहा-एक किलो शिसं, किनारा अजून लांब, आणि अशा वेळी या छताच्या मधोमध डोकं वर निघालं की माणूस धडपडतो. धडपडला की अडकतो. म्हणून या लेखातल्या बहुतेक सूचनांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: हवा शिल्लक असताना, छताच्या खालून परत येऊन, मोकळ्या पाण्यात वर निघता आलं पाहिजे.

मॉन्टेरे निवडलं ते दोन कारणांनी. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर थंड पाण्यातली डाइव्ह शिकायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. आणि बे एरियातल्या मराठी मंडळींना ती सॅन होजेहून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे. आपल्यातले कितीतरी जण पाहुण्यांना घेऊन मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियमला जातात, 28 फूट उंचीच्या केल्पच्या टाकीसमोर फोटो काढतात आणि परततात. अ‍ॅक्वेरियम ज्यावर आहे त्या कॅनरी रो या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सॅन कार्लोस बीच आहे. तिथून पाण्यात उतरलं की काचेपलीकडचं तेच जग उघड्या समुद्रात भेटतं.

केल्प वाढतं कसं, आणि ते डायव्हरने का समजून घ्यायचं

मॉन्टेरेला मुख्यतः दिसतं ते जायंट केल्प, शास्त्रीय नाव मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा. हे तपकिरी शैवाल आहे, झाड नव्हे. खडकाला घट्ट धरणारी बोटाएवढ्या जाड दोऱ्यांची गुंतवळ ही त्याची पकड. ती मुळांसारखी अन्न शोषत नाही, फक्त धरून ठेवते. एकाच पकडीतून अनेक देठ वर जातात. प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा एक फुगा असतो, आणि त्या फुग्यांच्या जोरावर अख्खा जुडगा ताठ उभा राहतो. अनुकूल दिवसांत देठ दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतो. उघड्या, लाटांच्या जागी बुल केल्पही दिसतं. त्याचा देठ एकच, टोकाला एकच मोठा गोळा आणि त्यातून सुटलेली लांब पाती.

केल्पला खडकाळ तळ हवा आणि थंड, पोषक पाणी हवं. कोकणच्या कोमट पाण्यात ते येत नाही. मालवणच्या खडकांवर सारगॅसम नावाचं शैवाल दिसतं, पण त्याचं असं उंच जंगल होत नाही. मॉन्टेरेला थंड पाणी मिळतं ते वाऱ्यामुळे. वसंतात वायव्येकडून किनाऱ्याला समांतर वारे वाहतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं गार, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर केल्प पोसलं जातं, तसाच प्लवकांचाही सुकाळ होतो आणि पाणी हिरवं, गढूळ दिसतं.

यातून डाइव्हचा हंगाम ठरतो. मार्च ते जुलै पाणी 9 ते 11 अंश सेल्सिअस, आणि कित्येकदा तीन-चार मीटरांपलीकडचं दिसत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर वारे पडतात, पाणी 13 ते 15 अंशांवर येतं आणि चांगल्या दिवशी दहा मीटर किंवा त्याहून लांबचं दिसतं. मात्र याच काळात केल्पचं छतही सगळ्यात दाट असतं. हिवाळी वादळं ते उपटून किनाऱ्यावर आणून टाकतात. दोन वादळांमधले जानेवारीचे शांत दिवस फार सुंदर असतात, पण ते अनुभवी माणसाने टिपायचे. पहिल्या डाइव्हसाठी सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर धरा.

तारकर्लीचा अनुभव पुरतो का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. मालवण-तारकर्लीला सुट्टीत जी डाइव्ह करतात, तिच्यात प्रशिक्षक मागून तुमची टाकी धरून असतो. तुमची तरंगण्याची पातळी तोच सांभाळतो, तुम्ही फक्त श्वास घेता आणि मासे बघता. त्याचं प्रमाणपत्र मिळालं असलं तरी ते त्या अनुभवापुरतं आहे. त्यावर कुठलंही दुकान टाकी भरून देणार नाही. किमान पाडी, एसएसआय किंवा नाउई यांसारख्या संस्थेचं ओपन वॉटर, म्हणजे डायव्हरचं पायाभूत प्रशिक्षण हवं. पाडीच्या ओपन वॉटरसाठी 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगणं आवश्यक असतं. मोठेपणी पोहायला शिकलेल्यांनी आधी दोन-तीन महिने तलावावर जाऊन हे अगदी सहज जमेल इतकं करून घ्यावं. दम लागलेला माणूस थंड पाण्यात दुप्पट दमतो.

ओपन वॉटर अंदमानात, नेत्राणीला किंवा तारकर्लीच्या संस्थेत झालं असेल तर उत्तम, पण मॉन्टेरेतली पहिली डाइव्ह स्थानिक प्रशिक्षकाबरोबरच करा. 28 अंशांच्या पाण्यात पातळ सूट घालून शिकलेला माणूस इथे नव्या वजनांनी, जाड हातमोज्यांनी आणि हूडने चक्रावतो. ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही त्यांनी मॉन्टेरेलाच शिकावं. सुरुवात कठीण जाते, पण थंड, कमी दिसणाऱ्या पाण्यात हात बसला की पुढे कुठल्याही समुद्रात जड जात नाही.

वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. दमा, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या.

अंगावर काय हवं

7 मिलिमीटरचा वेटसूट, हूड, 5 मिलिमीटरचे हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट. सुरुवातीला हे सगळं भाड्याने घ्या. सूट निवडताना जाडीपेक्षा मापाकडे लक्ष द्या. वेटसूटच्या आत पाणी शिरणारच. ते तिथेच अडलं तर अंगाच्या उबेने तापतं, आत-बाहेर खेळत राहिलं तर ऊब घेऊन जातं. कमरेच्या मागच्या खळग्यात आणि काखेत सूट सैल राहत असेल तर दुसरा मागा. घालायला दहा मिनिटं लागली आणि घाम फुटला तरी चालेल. पण तो घाम गाडीपाशी उन्हात उभं राहून काढू नका. वरचा भाग शेवटी चढवा.

हूडची एक गोष्ट फार कमी जण सांगतात. कानावर घट्ट बसलेल्या हूडमुळे कानाच्या बाहेरच्या नळीत हवा कोंडते. मग खाली जाताना नाक दाबून कितीही कान उघडले तरी दुखत राहतं. कमरेएवढ्या पाण्यात असतानाच हूडची कड कानाजवळ बोटाने उचला आणि पाणी आत जाऊ द्या. क्षणभर थंडी वाजेल, पण पुढचा त्रास वाचेल.

ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा सूट, जास्त उबदार खरा, पण आतली हवा सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे. ती पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर ओढला जातो. त्याचं स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो घालू नका. सुरुवातीच्या डाइव्ह 7 मिलिमीटरमध्ये करा. या समुद्राची ओढ लागली की ड्रायसूटवर पैसे घालवा.

आता केल्पसाठीची खास आवराआवर. अंगावरून जे जे लोंबतं, त्यात केल्प अडकतं. गेजची (हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाची) नळी आणि जादा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारं उपकरण) क्लिपने छातीशी घट्ट बसवा. फिन्सच्या, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यांच्या, पट्ट्यांची टोकं आतल्या बाजूला वळवा किंवा टेपने चिकटवा. स्प्रिंगच्या पट्ट्या असतील तर प्रश्नच नाही. स्नॉर्कल मास्कला लावून खाली जाऊ नका, घडी होणारी घेऊन खिशात ठेवा. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बांधलेला मोठा सुरा स्वतःच केल्प पकडतो, त्यामुळे छोटा कटर किंवा कात्री छातीशी लावा. ती प्रामुख्याने मासेमारीच्या तंगुसासाठी आहे. तो दिसत नाही, ताणून तुटत नाही आणि केल्पपेक्षा खूप धोकादायक असतो. शिवाय होकायंत्र आणि दिवसासुद्धा एक टॉर्च. दाट छताखाली अंधार असतो, आणि टॉर्च लावल्याशिवाय तिथले लाल-केशरी रंग करडेच दिसतात.

वजनं: इथे घाई करू नका

वेटसूटचं निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांचं रबर. पाण्यावर ते जोरात तरंगतं, म्हणून शिसं लागतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि सूटची तरंगण्याची ताकद बरीच कमी होते. म्हणजे वरती जे वजन बरोबर वाटतं ते खाली जड लागतं, आणि तेवढी हवा बीसीत (हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमध्ये) घालून ते सांभाळावं लागतं. परत येताना उलटं होतं. टाकीतली हवा संपते, तिचं वजनही जातं. अ‍ॅल्युमिनियम 80 ही नेहमीची टाकी डाइव्हच्या शेवटी दोन किलोंहून जास्त हलकी झालेली असते आणि स्वतःच तरंगू लागते.

एकसंध 7 मिलिमीटर सूटला सुरुवातीचा अंदाज म्हणून शरीराच्या वजनाच्या 10 टक्के आणि वर दोन-तीन किलो घ्या. दोन तुकड्यांचा सूट असेल तर आणखी लागतं. मग तपासा. पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात, रेग्युलेटर तोंडात धरून, बीसी पूर्ण रिकामा करून, नेहमीसारखा श्वास घेऊन तो क्षणभर धरा आणि उभे स्थिर राहा. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी आली पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. टाकी भरलेली असताना हे तपासलं तर संपणाऱ्या हवेसाठी दोन किलो जास्त घ्या. त्याहून चांगलं म्हणजे डाइव्हच्या शेवटी टाकीत 500 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना पुन्हा तपासा. तेच खरं उत्तर.

केल्पमध्ये याचा हिशेब दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो. वजन कमी पडलं तर शेवटच्या पाच मीटरांत तुम्ही आवरता न येता वर जाता, तेही सरळ छतात. वजन जास्त झालं तर बीसीत जास्त हवा, पाय खाली, फिन्सने उडणारा गाळ, आणि वर आल्यावर छतात डोकं पाण्याबाहेर ठेवायची कसरत. दुकानात कोणी घाईने चार किलो जास्त दिले आणि म्हणाले की बुडायला बरं पडेल, तर ते परत ठेवा.

कुठे उतरायचं

पहिल्यांदा ब्रेकवॉटर, म्हणजे सॅन कार्लोस बीच. मॉन्टेरे द्वीपकल्पाच्या आडोशाला असल्याने लाटा मवाळ असतात, वाळूचा उतार सौम्य, स्वच्छतागृह आणि सशुल्क पार्किंग शेजारीच. शनिवार-रविवारी सकाळी शिकाऊंची गर्दी असते, लवकर पोचा. उजव्या हाताला दगडी बांध सोबत ठेवून पोहलात तर वाट चुकायची धास्ती नाही. जाताना उजव्या खांद्याला, येताना डाव्या. थोडा अनुभव झाला की किनाऱ्याकडून निघणाऱ्या जुन्या पाइपच्या कडेने मेट्रिडियमच्या पठारापर्यंत जाता येतं. तिथे साधारण 12 ते 16 मीटरवर खडकांवर पांढरीशुभ्र, फुललेली मोठी समुद्रफुलं, म्हणजे अ‍ॅनिमोन हे प्राणी, दाटीने उभी असतात.

दुसरी पायरी पॅसिफिक ग्रोव्हचा लव्हर्स पॉइंट. इथला समुद्र ज्युलिया प्लॅट यांच्या नावाने राखीव आहे. प्राणिशास्त्रात संशोधन केलेल्या या बाई 1931 मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या महापौर झाल्या आणि शहरासमोरचा किनारा जपण्यासाठी झटल्या. तिथे आज जे समृद्ध पाणी आहे, त्यात त्यांच्या दूरदृष्टीचा मोठा वाटा आहे.

पॉइंट लोबोस हे सगळ्यांत देखणं ठिकाण. 1960 पासून तिथला पाण्याखालचा भागही राखीव आहे. डाइव्ह फक्त व्हेलर्स कोव्ह आणि ब्लूफिश कोव्हमध्ये करता येते, जोड्यांची संख्या ठरलेली असते, आधी आरक्षण करावं लागतं आणि प्रमाणपत्र दाखवावं लागतं. बोटी उतरवायच्या उतरंडीवरून पाण्यात शिरताना शेवाळामुळे पाय फार घसरतो, एकमेकांचा हात धरा.

कार्मेलच्या दक्षिणेच्या मोनॅस्टेरी बीचपासून नवख्याने लांब राहावं. जाड वाळूची तीव्र चढण, किनाऱ्यालगतच सुरू होणारी समुद्राखालची दरी आणि एकाएकी उठणाऱ्या लाटा यांनी तिथे अनेक डायव्हर दगावले आहेत. शांत दिसणाऱ्या दिवशीही मोह नको.

किनाऱ्यावरची पंधरा मिनिटं

आदल्या रात्री लाटांचा अंदाज बघा. समुद्रात तरंगत ठेवलेल्या मापक बोयांचे आकडे नोआ या अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. मॉन्टेरेसाठी कॅब्रिलो पॉइंटजवळचा 46240 क्रमांकाचा बोया उपयोगी. फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. एक मीटरची लाट 8 सेकंदांनी येते ती वेगळी आणि 16 सेकंदांनी येते ती वेगळी. दुसरीत ताकद खूप जास्त असते, आणि ती तळापर्यंत पाणी पुढे-मागे हेलकावते. पहिल्या डाइव्हला त्या बोयावर एक मीटरपेक्षा जास्त असेल तर मी परत फिरायला सांगेन.

पोचल्यावर सूट चढवायच्या आधी पंधरा मिनिटं पाणी बघा. लाटा टोळीने येतात. मोठ्या लाटांची टोळी किती वेळाने येते, पाणी कुठून ओढून नेतं, केल्पच्या छतात मोकळ्या वाटा कुठे आहेत आणि त्या कुठल्या दिशेला जातात, हे वरूनच नीट दिसतं. पाण्यात शिरल्यावर डोळे पाण्याच्या पातळीला येतात आणि यातलं काही दिसत नाही. होकायंत्रावर जाण्याची दिशा घ्या, 180 अंश फिरवून परतीचीही ठरवून ठेवा. बाहेर यायची दुसरी जागाही बघून ठेवा.

जोडीदाराबरोबर एकमेकांचं सामान तपासताना हातमोजे घालूनच तपासा. बीसीचे बकल, वजनं सोडायची मूठ, टाकीची झडप, जादा रेग्युलेटर, हे सगळं जाड बोटांनी, न बघता सापडलं पाहिजे. गाडीपाशी ज्याला ते सापडत नाही त्याला पाण्यात सापडणार नाही.

आत शिरणं

मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीत थोडी हवा. हे पाण्याला पाय लागायच्या आधीच. घोट्याएवढ्या पाण्यात पडलेला माणूसही श्वास घेत राहिला पाहिजे. लाटांची टोळी सरली की न रेंगाळता आत जा. फिन्स कमरेएवढ्या पाण्यात, जोडीदाराच्या खांद्याला धरून चढवा.

चेहऱ्याला थंड पाणी लागताच श्वास धापा टाकल्यासारखा होतो. हे प्रत्येकाचं होतं. तिथेच थांबा, तोंड पाण्यात घालून एक-दोन मिनिटं सावकाश, लांब उच्छ्वास सोडत राहा. श्वास जागेवर आल्याशिवाय खाली जायचं नाही.

छताच्या बाहेरच्या कडेला किंवा मोकळ्या चौकात खाली जा, पाय खाली ठेवून. पाय आधी गेले की केल्प बाजूला सरकतं आणि खाली काय आहे ते दिसतं.

केल्पमधून जाताना

हात जवळ, पाय एकत्र, फिन्सचा फटका छोटा. लांब, रुंद फटक्यांनी केल्प फिन्सभोवती गुंडाळलं जातं. दोन जुडग्यांमधली रुंद वाट शोधा. अरुंद फट असेल तर वळसा घाला. पाणी मागे-पुढे हेलकावत असेल तर त्याच्याशी भांडू नका. ते मागे नेईल तेव्हा स्थिर राहा, पुढे नेईल तेव्हा फिन्स मारा. केल्पही तसंच झुलत असतं, त्याच्या तालात राहिलात तर ते अंगावर येत नाही.

तरी कधीतरी अडकणार. मागून हलकीशी ओढ जाणवते, पुढे जाणं थांबतं. तेव्हा पहिली चूक होते ती वळून बघण्याची. गोल फिरलं की एक देठ होता तिथे अंगाभोवती चार होतात. त्याऐवजी थांबा, दोन श्वास घ्या, आणि थोडं मागे किंवा खाली सरका. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर हाताने चाचपून कुठे अडकलंय ते शोधा: फिनची पट्टी, टाकीची झडप, गेजची नळी. देठ हाताशी आला तर ओढू नका. ओढल्यावर तो रबरासारखा ताणतो आणि तुटत नाही. दोन्ही हातांत धरून वाकवला की गवारीच्या शेंगेसारखा कट्कन मोडतो. झडपेमागचं जोडीदाराला काढू द्या. तुम्ही स्थिर राहिलात तर त्याला दहा सेकंदही लागत नाहीत. कटर शेवटी, आणि डोक्यामागे न बघता तो कधीही चालवायचा नाही. तिथे तुमच्या हवेची नळी असते.

हवेचा हिशेब आणि वर येणं

थंडीत आणि नवखेपणात हवा जास्त लागते. दहा मीटरवर ती वरच्यापेक्षा दुप्पट वेगाने संपते. 3,000 पीएसआयने सुरुवात केली तर 2,000 ला परत फिरा. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. उघड्या पाण्यात हा हिशेब जरा कडक वाटेल, पण केल्पमध्ये राखीव हवा म्हणजे छताखालून आणखी पन्नास मीटर जाता येण्याची मुभा आहे. दोघांपैकी ज्याची हवा आधी 2,000 ला येईल त्याच्या सांगण्यावर दोघांनी फिरायचं.

परतीच्या वाटेवर अधूनमधून वर बघत राहा. छत काळपट दिसतं, मोकळी जागा निळसर-पांढरी उजळते. अशा उजेडाखाली येऊन थांबा. 5 मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घ्या; तिथे एखादा देठ चिमटीत हलकेच धरला तर पातळी टिकवायला सोपं जातं. मग मिनिटाला 9 मीटरहून सावकाश, एक हात डोक्यावर, नजर वर. वरती थोडं केल्प असलंच तर हाताने बाजूला सारत मान आधी काढा आणि लगेच बीसीत हवा भरा. रेग्युलेटर तोंडातून काढू नका.

समजा सगळं करूनही छताच्या मध्ये निघालात. हवा असेल तर दिशा बघून घ्या, पुन्हा पाय खाली ठेवून दोन-तीन मीटर खाली जा आणि छताखालून या. हवा नसेल तर छतावरून सरपटत यावं लागतं. त्याची रीत अशी: पोटावर पालथे व्हा, बीसीत बेताची हवा ठेवा, हात लांब पुढे करून समोरचं केल्प पकडा, ते खाली दाबत स्वतःला त्याच्यावरून पुढे ओढा. पाय मागे सरळ, फिन्स न हलवता. दहा-बारा हातांनी थांबून श्वास घ्या. उभं राहण्याचा प्रयत्न केला की पाय छतात जातात. हे किनाऱ्याजवळच्या थोड्या केल्पवर मुद्दाम, दमलेले नसताना करून बघा.

अंगात पहिली हुडहुडी भरली की डाइव्ह संपली असं समजा, हवा कितीही उरलेली असो. त्यानंतर बोटं वळेनाशी होतात, आणि वजनं सोडायला ती बोटंच लागतात.

थांबून बघण्यासारखं

पहिल्या डाइव्हला अंतर कापू नका. एक जुडगा निवडा आणि तो तळापासून वरपर्यंत बघा. पकडीच्या गुंतवळीत तारामाशांसारखे ब्रिटल स्टार, लहान खेकडे, कृमी यांची वस्ती असते. देठावर टर्बन गोगलगायी चढताना दिसतील. मधल्या उंचीवर केल्प रॉकफिश देठाला समांतर, डोकं वर किंवा खाली करून लटकलेला असतो. रंग पात्यांशी इतका मिळता की त्याच्या डोळ्याची कड चमकेपर्यंत तो दिसत नाही. खडकांवर स्ट्रॉबेरी अ‍ॅनिमोनचे गुलाबी गालिचे आणि त्यांच्यात शोधले तर न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी.

सी लायन बांधावरून पाण्यात येऊन भोवती गिरक्या घेतात. त्यांना घेऊ द्या, हात लांबवू नका. सी ऑटर (समुद्री पाणमांजर) दिसला तर वीसेक मीटर लांब राहा. 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. थंडीत तग धरण्यासाठी हा प्राणी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्शाएवढं खातो. दचकून पळण्यात गेलेली ताकद त्याला परवडत नाही. पिल्लू पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून आई त्याला केल्पमध्ये गुंडाळून ठेवते. अशा एकट्या पिल्लाच्या जवळ जाऊ नका, आई खाली खाणं शोधत असते.

काही ठिकाणी मात्र खडक उघडे आणि जांभळ्या सी अर्चिननी, म्हणजे काटेरी गोळ्यांसारख्या प्राण्यांनी, भरलेले दिसतील. 2013 पासून पसरलेल्या रोगाने तारामासे झडून मेले. अर्चिन खाणारा, वीसहून जास्त बाहूंचा सूर्यफूल तारामासा तर इथून जवळजवळ नाहीसाच झाला. त्या रोगामागचा जिवाणू संशोधकांनी 2025 मध्ये ओळखला. त्यातच 2014 ते 2016 समुद्र तापला, केल्प अशक्त झालं, आणि अर्चिननी ते फस्त केलं. उत्तर कॅलिफोर्नियाचं 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. मॉन्टेरेला तुकडे शिल्लक राहिले यात ऑटरचा हात आहे: केल्पमध्ये राहणारे भरलेले अर्चिन ते खातात. उजाड खडकांवरच्या उपाशी, पोकळ अर्चिनना मात्र ते तोंड लावत नाहीत, म्हणून उजाड पट्टे तसेच राहतात. हे बघून जीव तुटतो. हात बसल्यावर रीफ चेक या संस्थेचं प्रशिक्षण घ्या. त्यांचे स्वयंसेवक डायव्हर दरवर्षी ठरलेल्या रेषांवर केल्प, मासे आणि अर्चिन मोजतात, आणि त्या नोंदी संरक्षणाचे निर्णय घेताना वापरल्या जातात. तोपर्यंत तळावरून शंखसुद्धा उचलू नका.

बाहेर आल्यावर

घरून निघतानाच एका थर्मासमध्ये चहा आणि एका मोठ्या बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी घ्या. बाहेर आल्यावर ते पाणी मानेतून सूटमध्ये ओतायचं; सूट काढणं सोपं जातं आणि कापरं थांबतं. वाऱ्याच्या आडोशाला आधी डोकं कोरडं करून लोकरी टोपी घाला, मग बाकीचं.

दुसरी डाइव्ह करायची असेल तर पूर्ण ऊब आल्यावरच. सांधे दुखणं, मुंग्या येणं, न समजणारा थकवा, चक्कर असं काही जाणवलं तर थंडीमुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. ऑक्सिजन द्या, 911 ला फोन करा, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा आपत्कालीन क्रमांक आधीच फोनमध्ये ठेवा. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास विमानात बसू नका. भारताच्या विमानाच्या आदल्या दिवशी डाइव्ह ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरी रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवताना पहिल्या टप्प्याचं (टाकीला जोडायच्या भागाचं) झाकण घट्ट आहे ना ते बघा. बीसीच्या आतही पाणी घालून हलवून काढा. आणि त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवा: कुठला सूट, कुठली टाकी, किती वजन, शेवटी 500 पीएसआयला तरंगण्याची पातळी काय होती, पाणी किती अंश, बोयावर लाट किती आणि किती सेकंदांची. पुढच्या वेळी दुकानात वजनं मागताना हाच कागद काढायचा.